नकलेलाही अक्कल लागते

जुन्या अमेरिकन मसल कारचं नाव निघालं की डोळ्यांपुढे येतो तो तिचा पत्रा. लांबलचक बॉनेट, मागच्या रुंद चाकांवर फुगलेली कमान, पुढे आ वासलेली जाळी. तशी गाडी स्वतःच्या हातानं उभी करायची म्हणून जो कोणी माझ्याकडे येतो, तो मोबाइलवर हा पत्राच दाखवतो. मग मी विचारतो, ‘दोन्ही दारं उघडी टाकली तर गाडीचा पुढचा भाग मागच्या भागाला कशानं धरून ठेवलाय?’ बहुतेकांजवळ याचं उत्तर नसतं. ज्याची ही प्रस्तावना, ते पुस्तक त्या उत्तरासाठी आहे.

विषय तसा चिंचोळा. पोलादी नळ्यांची चौकट आपण बांधायची, तिच्यावर जुन्या गाडीच्या रूपाची फायबरची बॉडी चढवायची आणि आपल्या बाजारात मिळेल ते इंजिन आत बसवायचं. बॉडी ही नक्कलच असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चौकट मात्र नकलून भागत नाही. मूळ गाडीचं इंजिन वेगळं, वजन वेगळं, चाकं वेगळी, रस्ता तर फारच वेगळा. तिच्या चौकटीची मापं जशीच्या तशी उचलली तरी आपल्या गाडीवर येणारा भार त्या मापांना ओळखत नाही. रेप्लिकाची खरी किंमत पत्र्याखाली असते असं माझं मत आहे, आणि तिथे नक्कल करणाऱ्यालाही स्वतःचं डोकं चालवण्यावाचून गत्यंतर नसतं.

कोणत्या गाडीच्या नकला सर्वांत जास्त झाल्या असं विचारलं तर जाणकार आधी कोब्राचं नाव घेतील. तिचा इतिहास हौशी माणसानं मुद्दाम वाचावा, कारण अस्सल कोब्राही उसनवारीतूनच जन्मली. इंग्लंडच्या एसी कार्स या छोट्या कंपनीनं 1953 साली ‘एस’ नावाची हलकी, उघडी गाडी काढली. जॉन टोजेरोच्या आराखड्यावरून आलेली तिची चौकट अगदी साधी होती: तीन इंच व्यासाच्या दोन लांब नळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. टेक्सासच्या कॅरल शेल्बीनं 1962 मध्ये याच गाडीत फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं, आधी सव्वाचार लिटरचं आणि मग 4.7 लिटरचं. तोवर जुनी चौकट तग धरून होती. सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा मात्र नुसत्या हौसेनं भागेना. 1965 च्या त्या गाडीसाठी नळ्यांचा व्यास चार इंच केला गेला, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आले, आणि चौकट जवळजवळ नव्यानं आखली गेली. बाहेरचं रूप ओळखीचंच राहिलं, थोडं रुंद झालं इतकंच. अस्सल कोब्रा साधारण हजारभर निघाल्या. नकला त्याच्या कितीतरी पट आहेत, आणि त्यांतल्या चांगल्या कोणत्या हे गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

काटेकोर बोलायचं तर कोब्रा ही स्पोर्ट्स कार. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत थोरल्या गाडीचं व्ही-8 कोंबलेलं. 1964 च्या पॉन्टियाक जीटीओपासून ही रीत रूढ झाली असं मानतात. फोर्डची मस्टँगही त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. हौशी मंडळी या सगळ्यांना एकाच माळेत ओवतात आणि मी वाद घालत नाही. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. त्या काळच्या डेट्रॉइटच्या गाड्यांचं इंजिन जेवढं दांडगं होतं तेवढी त्यांची हाडं नव्हती. सरळ रस्त्यावर सुसाट, वळणावर अंगाला पीळ. रेसिंगवाल्यांनी हे लवकर ओळखलं. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीत धावणारी गाडी शोरूममधल्या गाडीसारखी दिसते, पण तिच्या कातडीखाली नळ्यांचा पिंजरा असतो. जुना चेहरा आणि नळ्यांचा सांगाडा ही जोडी हौशी लोकांनी तिथूनच उचलली. नीट बांधलेली नक्कल अस्सल गाडीपेक्षा कणखर असू शकते, हे अस्सलच्या भक्तांना आवडत नाही, पण खरं आहे.

आपल्याकडे अमेरिकन गाड्यांचं नवल नव्हतं. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 सालचा. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जुळवल्या. पण मसल कारचं दशक उजाडलं तेव्हा परदेशी गाडीची दारं सामान्य माणसाला बंद झालेली होती. म्हणून माझ्या पिढीची मसल कार म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. मूळ वंश इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, लांब बॉनेट, चौकोनी खांदे, आणि सुरुवातीला त्या देहाला न शोभणारं दुबळं इंजिन. पुढे तिला इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं आणि गाडीत जीव आला. तेच इंजिन नंतर अँबेसेडरमध्येही आलं. आज कुर्ल्याच्या भंगार बाजारात हिंडणारा जुना मेकॅनिक ‘इसुझू’ हे नाव अजून आदरानं घेतो.

याच इंजिनाभोवती महाराष्ट्रातलं आपल्या विषयाचं सर्वांत नेटकं उदाहरण उभं राहिलं, तेही पुण्या-चाकणला नव्हे, तर अलिबागजवळ कार्लेखिंडीला. गुइडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सनं इथे ‘रोडस्टर 1.8 एस’ ही गाडी बांधली. पुढे इसुझूचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, नळ्यांची स्पेसफ्रेम आणि वर फायबरचं अंग. रूप होतं इंग्लंडच्या लोटस सेव्हनचं.

सेव्हनची निवड किती शहाणपणाची होती हे सांगायला हवं. लोटसच्या कॉलिन चॅपमननं 1957 मध्ये ती काढली तीच मुळी घरी जुळवता यावी म्हणून. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. त्यामुळे गिऱ्हाईक खोकी घरी नेई आणि गॅरेजात गाडी उभी करी. अशा गाडीत अवघड काही ठेवून चालत नाही. सेव्हनचे बहुतेक पत्रे सपाट किंवा एकाच दिशेनं वळवलेले. दुहेरी गोलाई नाकाला आणि चाकांवरच्या पंखांना तेवढी. दारं जवळजवळ नाहीतच, कडेवरून पाय टाकून आत उतरायचं. आणि दारं नसल्यामुळे कडेच्या नळ्या खोल, उंच आणि त्रिकोणांत बांधता येतात. लोटसनं 1973 मध्ये या गाडीचे हक्क कॅटरहॅमला विकले, तरी ती अजून बनते आहे आणि जगभर तिच्या नकला निघत आहेत. कोब्राचं गुबगुबीत अंग बघून नवखा माणूस भाळतो. तसा साचा काढणं म्हणजे काही महिन्यांचं पुट्टी आणि पॉलिशपेपरचं काम. चिंकारानं सोपं अंग निवडलं आणि आपली मेहनत हाडांवर खर्च केली. जाता जाता एवढंच, की या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांचं काम करणारे हात होतेच, आणि साच्यातून अंग काढण्याची कला तर पेणच्या गणपती कारखान्यांत घरोघरी आहे. रायगड जिल्ह्यात असा उद्योग निघावा यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

याच्या उलट रीतही मुंबईनं पाहिली. 2004 च्या ‘टारझन: द वंडर कार’ या सिनेमातली जांभळी गाडी दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइननं घडवली, तिच्याखाली टोयोटाची एमआर-2 होती. म्हणजे अंग नवं आणि हाडं आयती. कसबाचं काम आहे, पण या पुस्तकाचा तो रस्ता नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मी सिद्धगडाच्या पायथ्याला राहतो. मुरबाडपासून म्हशापर्यंत आणि तिथून पुढेही रस्त्याला लागून फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पत्र्याच्या शेडचे ट्रस. यातला कुठलाही पोरगा पंचवीस फुटांचा ट्रस डोळे मिटून बांधतो, आणि त्यात तिरप्या नळ्या कुठे द्यायच्या हे त्याला सांगावं लागत नाही. तोच पोरगा गाडीची चौकट काढायला बसला की दोन लांब नळ्या आणि पाच आडव्या नळ्या काढून मोकळा होतो. डोक्यावर ट्रस आहे आणि कागदावर शिडी. असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला. ट्रसवर भार वरून येतो, तो दिसतो. गाडीला लागणारा पीळ दिसत नाही. डावं पुढचं चाक खड्ड्यात आणि डावं मागचं चाक उंचवट्यावर, अशा वेळी चौकट ओला कपडा पिळावा तशी पिळली जाते, आणि शिडीला या पिळापुढे फारसं बळ नसतं. पावसाळ्यात मुरबाड ते माळशेज या रस्त्यावर हे दर शंभर पावलांवर घडतं.

त्रिकोणाची ताकद समजावायला सिद्धगडाइतकी चांगली जागा नाही. या गडावर 2 जानेवारी 1943 ला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याआधीच्या महिन्यांत त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. मी पोरांना विचारतो, मनोरा पाडायला त्यांनी काय कापलं असेल? पाय. करवतीनं कापता यावेत इतके त्याचे अँगल सडपातळ. एरवी असा मनोरा कोकणचं वादळ अंगावर घेऊन उभा राहतो, कारण त्यातला प्रत्येक तुकडा एक तर ताणला जातो नाहीतर दाबला जातो. वाकवण्याची पाळी कुणावरच येत नाही. पोलाद ताणायला फार जोर लागतो, वाकवायला त्या मानानं थोडा. आणि पायच तुटला की भाराला जमिनीपर्यंत जायला वाट उरत नाही. मनोरा कशानं उभा राहतो हे ज्याला कळतं, त्याला तो कुठे कापायचा हेही कळतं. गाडीच्या चौकटीत अशी एकही कापलेली वाट राहू नये, एवढंच आपलं काम.

त्यातून पहिला नियम निघतो: भार सांध्यावरच द्यायचा. सस्पेन्शनचा कंस नळीच्या मध्यावर वेल्ड केला की ती नळी वाकू लागते आणि सगळा हिशेब फुकट जातो. जिथे दोन-तीन नळ्या एकत्र येतात तिथेच कंस, तिथेच इंजिनाचं माउंटिंग, तिथेच सीटबेल्टचं टोक. चौकट काढताना आधी हे बिंदू कागदावर मांडावेत, मग त्यांना नळ्यांनी जोडावं. आमची बहुतेक मंडळी उलट करतात: आधी देखणी चौकट, मग ‘आता शॉकअप कुठे लावू?’

दुसरी अडचण माणसाची. गाडीत माणूस बसतो, त्याला आत जायला भोक लागतं, आणि भोकात तिरपी नळी देता येत नाही. मर्सिडीजनं 1954 च्या 300 एसएलमध्ये नळ्यांची चौकट वापरली तेव्हा कडेची बाजू इतकी उंच ठेवावी लागली की नेहमीसारखं दार बसेचना. मग दारं छताला बिजागरी लावून वर उघडणारी केली. लोक अजून त्या दारांचे फोटो काढतात. त्यांचं मूळ चौकटीच्या अडचणीत आहे. कोब्रावाल्यांनी वेगळा मार्ग काढला, खाली जाडजूड नळ्या घातल्या आणि दारं नेहमीची ठेवली. मसल कारची नक्कल करणाऱ्याला दारं हवीच असतात. त्यानं मधला बोगदा, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट ज्यातून जातो तो भाग, नळ्यांनी बांधून कण्यासारखा वापरावा. पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण या बोगद्यावर आहे आणि ते तसंच असायला हवं.

नळी जाड की मोठी, हा प्रश्न हटकून येतो. एक हिशेब सांगतो. 25 मिलिमीटरचा भरीव गज घ्या आणि 50 मिलिमीटर व्यासाची, 3 मिलिमीटर जाडीची पोकळ नळी घ्या. नळीत पोलाद गजापेक्षा साधारण दहा टक्के कमीच आहे. पण पिळाला तोंड देण्यात ती सहा पटींहून जास्त ताठ आहे. धातू मध्यापासून जेवढा लांब, तेवढा त्याचा उपयोग जास्त. म्हणून जाडी वाढवण्याआधी व्यास वाढवावा. याला मर्यादा आहे. फार पातळ नळी वेल्डिंगमध्ये जळते, आणि दगड लागला की तिला पोचा पडतो. पोचा पडलेली नळी दाबाखाली तिथेच मुडपते.

दुकानात गेल्यावर आणखी एक गफलत होते. इंची पाईप मागितला की दुकानदार जो देतो त्याचं इंच आतल्या पोकळीचं, तेही नावापुरतं. बाहेरून तो 33.7 मिलिमीटर भरतो. चौकटीच्या नकाशातला एक इंच मात्र बाहेरचा, म्हणजे 25.4 मिलिमीटर. पाण्याच्या पाईपाला ए, बी, सी असे वर्ग असतात. पिवळा, निळा, लाल पट्टा बघून ते ओळखतात. त्यातला लाल पट्ट्याचा सी क्लास घेतला म्हणजे चौकट मजबूत झाली असं समजू नये. नुसतं वजन वाढतं. शिवाय तो पाणी वाहायला बनवलेला माल. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायच्या बाहा स्पर्धेचे नियम इथे चांगला धडा देतात. चालकाभोवतीच्या मुख्य नळ्यांसाठी तिथे 25.4 मिलिमीटर व्यास आणि 3 मिलिमीटर जाडी हे माप धरतात, पोलादात कार्बन किमान 0.18 टक्के लागतो, आणि दुसरं माप वापरायचं असेल तर ते वाकण्याला तेवढंच ताठ आणि तेवढंच बळकट आहे हे आकड्यांनी दाखवावं लागतं. ही स्पर्धा भारतात 2007 पासून पिथमपूरला सुरू झाली, महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम तिच्यात उतरतात. ज्याच्या ओळखीत असा एखादा विद्यार्थी असेल त्यानं त्याच्या चौकटीचा हिशेब मागून घ्यावा. फुकट मिळणारी याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

बांधणीबद्दल पुस्तकात पुष्कळ आहे, मी दोनच गोष्टींवर रेंगाळतो. पहिली, तोंड कोरण्याची. एक नळी दुसरीला भिडवायची तर तिचं तोंड दुसरीच्या गोलाईवर घट्ट बसेल असं कोरावं लागतं. ग्राइंडरनं घाईत कोरलेल्या तोंडात तीन-चार मिलिमीटरची फट राहते आणि कारागीर ती रॉडच्या मालानं बुजवतो. वरून छान भरलेलं दिसतं, आत पोकळ असतं. अशा सांध्यावर हातोडी मारली तर टिकतो. वर्षभर रस्त्यावर थरथरला की कडेनं केसाएवढी चीर सुटते. फटीत करवतीचं पातं शिरत असेल तर ती नळी बाजूला ठेवून दुसरी कोरावी. गेटला चालतं ते इथे चालत नाही. दुसरी गोष्ट, उष्णतेची. वेल्ड थंड होताना आकसतं आणि नळीला आपल्याकडे ओढतं. म्हणून जमिनीवर खडूनं आखून चौकट जोडणाऱ्याची चौकट शेवटी वाकडीच निघते. भक्कम टेबल, त्यावर जिग, सगळ्या सांध्यांना आधी नुसता टॅक, मग गुण्या आणि ओळंबा लावून दोन्ही कर्ण मोजायचे, आणि त्यानंतर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं आलटून-पालटून भरायचं. पातळ नळीला साध्या रॉडपेक्षा सीओटू किंवा आर्गन वेल्डिंग चांगलं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मशीन नुसतं चरचरतं. त्या वेळी महत्त्वाचा सांधा भरायला घेऊ नये, पाईप कापावेत किंवा घरी जावं.

दोन्ही टोकांनी बंद होणाऱ्या नळीचा शेवटचा टाका भरताना आतली तापलेली हवा वितळलेला धातू बाहेर उडवते आणि तिथे बारीक भोक राहतं. आधीच एक छोटं भोक पाडून ठेवावं, सगळं थंड झाल्यावर आत तेल सोडून ते बुजवावं. कोकणच्या पावसात उघडी राहिलेली नळी आतून गंजते, आणि बाहेरचा रंग तसाच चकचकीत असतो.

चौकट झाली की ती मोजायची. पुस्तकातलं हे प्रकरण मला सर्वांत आवडलं, कारण त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मागचा भाग जमिनीला बोल्टनं जखडायचा. पुढचा भाग बरोबर मध्यावर एकाच टेकूवर तोलायचा. पुढे आडवा दांडा बांधून टेकूपासून एक मीटरवर 50 किलो लटकवायचे. हा साधारण 490 न्यूटन-मीटरचा पीळ झाला. पुढच्या भागावर शाळेतला लेझर पॉइंटर आडवा, म्हणजे बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसवायचा. भिंत पाच मीटरवर असेल आणि ठिपका 44 मिलिमीटर सरकला तर चौकट अर्धा अंश पिळली, म्हणजे तिचा आकडा अंशाला हजार न्यूटन-मीटरच्या जवळ. ही चौकट भंगारात नाही तरी परत टेबलावर जायला हवी. ठिपका साडेआठ मिलिमीटरच सरकला तर आकडा पाच हजारांच्या आसपास, आणि उघड्या हलक्या गाडीला मी एवढ्यावर समाधान मानीन. आजच्या कारखान्यातल्या बंद गाड्या वीस हजारांच्या पुढेमागे असतात, त्यांच्याशी बरोबरी करायची गरज नाही. मग एक तिरपी नळी वाढवायची आणि पुन्हा मोजायचं. कोणती नळी कामाची आणि कोणती नुसती ओझ्याची, हे ठिपका सांगतो. ज्या नळीनं तो हललाच नाही ती काढून टाकावी.

आता कायद्याचं, कारण वाचकाला कुणीतरी आधीच सांगितलेलं बरं. आपल्या मातीत गाडी बांधणारे पूर्वीही होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ‘मीरा’ नावाची छोटी गाडी बनवली, पुढची पंचवीसएक वर्षं तिच्यात सुधारणा करत राहिले, पण तिच्या कारखान्याला परवानगी मिळाली नाही. अगदी अलीकडे, डिसेंबर 2021 मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका फॅब्रिकेशनवाल्या कारागिराची जीप देशभर गाजली. भंगारातले भाग जुळवून केलेली ती गाडी किक मारून सुरू व्हायची. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही लिहिलं, आणि महिन्याभरानं तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला बोलेरो मिळाली. बातमी वाचून सगळ्यांना बरं वाटलं. पण बातमीतला नियमांबद्दलचा भाग कोणी नीट वाचला नाही.

तो असा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. कलम 52 प्रमाणे नोंदलेल्या गाडीत मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. म्हणजे जुन्या अँबेसेडरचं आरसी बुक घेऊन त्यावर नवी चौकट खपवायची पळवाट बंद. नवं वाहन म्हणून नोंदवायचं तर केंद्रीय नियमावलीतल्या नियम 126 नुसार नमुना चाचणी संस्थेकडे न्यावा लागतो, आणि त्या सगळ्या चाचण्यांचा खर्च एकट्या हौशी माणसाला झेपणारा नाही. 2021 च्या विंटेज गाड्यांच्या नियमांतही आपण बसत नाही. ते पन्नास वर्षं जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहेत. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी करून तिला रस्त्यावर यायची मुभा मिळते. आपल्याकडे तशी सोय व्हावी असं मला मनापासून वाटतं. पुण्याची एआरएआय, सीआयआरटी आणि नगरची व्हीआरडीई अशा तीन चाचणी संस्था महाराष्ट्रातच आहेत. आमच्या मुरबाडवरून माळशेज चढून जाणारा रस्ता सरळ नगरलाच पोहोचतो. पण ती सोय होईपर्यंत अशी गाडी खाजगी जागेत आणि रेस ट्रॅकवरच. ‘गावातल्या गावात कोण बघतंय’ हे उत्तर मला मान्य नाही. गावातल्या रस्त्यावर शाळेतून येणारी पोरं असतात, आणि आपल्या वेल्डची परीक्षा त्यांच्या जिवावर घ्यायचा हक्क कुणालाही नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? मला विचाराल तर चौकटीसाठीच. ज्यानं एकदा भार मांडून, बिंदू ठरवून, जिगवर चौकट बांधली आणि मोजली, तो पुढे शेडचा ट्रस, उसाची ट्रॉली किंवा पाण्याच्या टाकीचा स्टँड बांधेल तेव्हा ते काम वेगळं असेल. या तालुक्यात पाईप जोडणारे हात शेकड्यांनी आहेत. कागदावर आधी काढणारे फार थोडे.

पुस्तकात उणिवा आहेत. स्टिअरिंगचं प्रकरण त्रोटक आहे, ब्रेकचं तर मला अपुरं वाटतं, आणि लेखकाला मी तसं सांगितलंही आहे. मराठीत या विषयावर आकडे कुठेच एकत्र नाहीत, ही त्याहून मोठी उणीव. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुम्ही नळ्यांची चौकट बांधली असेल, गाडीची, बाहाची किंवा नुसती शिकण्यासाठी, तर ती रंगवण्याआधी 50 किलो लटकवून मोजा, आणि चौकटीचं वजन, नळीचं माप आणि पिळाचा आकडा आम्हाला कळवा. आकडा वाईट आला असेल तर आवर्जून कळवा. पुढच्या आवृत्तीत त्यांचा तक्ता घालायचा आहे.

सिद्धगड पायथा, ता. मुरबाड, जि. ठाणे